मुलाखतीची तयारी जानेवारीत सुरू करू नका: एमबीए प्रवेश, पीआय आणि हळदीचा भाव

(या भागाची ही लिखित आवृत्ती. बोलताना आलेले 'अं', 'म्हणजे' काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

[००:००] सुरुवात

आजचा भाग नेहमीपेक्षा वेगळा आहे. एरवी आपण इथे कोड, नोकरी, पगार, स्विच यावर बोलतो. आज कॉलेजच्या प्रवेश मुलाखतीबद्दल बोलायचंय. एमबीएच्या, त्यातही आयआयएमच्या. कारण सोपं आहे. माझा नोटीस पिरियड संपत आलाय आणि या महिन्याअखेरीस मी बॅग भरून दोन वर्षांसाठी शिकायला निघालोय. मुलाखतीत मी एकदा सपशेल आपटलो आणि दुसऱ्यांदा पास झालो. दोन्ही वेळेला माणूस तोच होता, डिग्री तीच, मार्क तेच. मधल्या वर्षात काय बदललं ते सांगतो.

तुम्ही म्हणाल, आत्ता जूनमध्ये मुलाखतीचं काय? कॅट तर नोव्हेंबरच्या शेवटी असते. तेच तर सांगायचंय. बहुतेक जण कॅटचा निकाल लागला, कॉल आला, की मग मुलाखतीची तयारी सुरू करतात. तेव्हा हातात तीन-चार आठवडे उरतात. तेवढ्यात पाठांतर होतं, तयारी होत नाही.

[०१:२०] आधी प्रकार काय असतो ते

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅट ही लेखी परीक्षा, तिचा निकाल साधारण डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीच्या सुरुवातीला येतो. मग प्रत्येक आयआयएम आपली यादी लावते. अहमदाबाद आणि कलकत्ता १९६१ च्या, बंगळूर १९७३ ची. या जुन्या संस्था आपापल्या मुलाखती घेतात. नव्यांपैकी बऱ्याच मिळून एकच सामायिक मुलाखत घेतात. आपल्याकडे नागपूरची आयआयएम २०१५ मध्ये सुरू झाली, आणि पवईची नीटी २०२३ पासून आयआयएम मुंबई झाली.

फेब्रुवारी ते एप्रिल हा मुलाखतींचा हंगाम. काही ठिकाणी आधी छोटा लेख लिहायला देतात आणि मग पीआय, म्हणजे वैयक्तिक मुलाखत. समोर दोन किंवा तीन जण. पंधरा मिनिटं ते अर्धा तास.

आता महत्त्वाची गोष्ट. अंतिम निवडीत कशाला किती वजन, हे प्रत्येक संस्था आपल्या संकेतस्थळावर जाहीर करते. ते वाचा. अहमदाबादच्या अलीकडच्या निकषांत एकट्या मुलाखतीला जवळपास निम्मं वजन आहे. म्हणजे ज्या कॅटसाठी आपण वर्षभर घासतो, तिच्यापेक्षा त्या वीस मिनिटांना जास्त किंमत. आणि त्या वीस मिनिटांसाठी आपण किती दिवस देतो? मी पहिल्या वर्षी दिले होते अठरा.

[०३:१०] पहिली मुलाखत

मी मूळचा सांगलीचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बीटेक, मग पुण्यात नोकरी. आमचे आण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत पेढीवर दिवाणजी आहेत. तीस वर्षं झाली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिल्या मुलाखतीला मी नवा ब्लेझर शिवून गेलो. 'स्वतःबद्दल सांगा' पाठ. 'एमबीए का' पाठ. 'पाच वर्षांनी कुठे असाल' पाठ. चलनवाढ, रेपो रेट, एबिटडा, सगळ्यांच्या व्याख्या पाठ.

सुरुवात बरी झाली. मग एका सरांनी माझा फॉर्म बघितला आणि विचारलं, "सांगली? हळदीचं गाव. हळदीचा भाव ठरतो कसा?"

मी म्हटलं, "सर, मागणी आणि पुरवठ्यावर."

ते हसले. "ते सगळ्याचंच असतं. सांगलीत सकाळी पोतं आलं, संध्याकाळपर्यंत त्याला भाव मिळाला. मधे काय होतं?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी फॉर्मवर पुन्हा बघितलं. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मीच लिहिलं होतं, 'हळद व्यापार पेढीत लेखनिक'. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "वडील दिवसभर काय काम करतात?"

मी म्हटलं, "हिशोब बघतात, सर."

"कसला?"

यावर मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की त्यानंतर ते माझ्या नोकरीकडे वळले. मी मायक्रोसर्व्हिसेस, इव्हेंट-ड्रिव्हन, क्लाउड असे शब्द फेकायला लागलो. दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, "तुमची सिस्टिम एक दिवस बंद पडली तर नुकसान कुणाचं होतं?" त्याचंही नीट उत्तर नव्हतं. चार वर्षं ज्या सिस्टिमवर काम करत होतो तिचं.

एप्रिलमध्ये निकाल आला. नाव नव्हतं. निकालाचं वाईट वाटलंच, पण 'कसला?' हा प्रश्न जास्त लागला. ज्या हिशोबावर माझी फी भरली गेली, तो कसला हिशोब आहे हे मला सांगता आलं नव्हतं. आण्णांना मी घरी सांगितलं, की इंग्रजी कमी पडलं. खरं कारण सांगायची लाज वाटली.

[०५:४०] चूक कुठे होती

नंतर विचार केल्यावर एक गोष्ट लक्षात आली. पॅनेलने मला अवघड काही विचारलंच नव्हतं. प्रत्येक प्रश्न माझ्या फॉर्ममधून आला होता. गाव, घर, नोकरी, आवडता विषय. मी तयारी केली होती ती मात्र माझ्या फॉर्ममध्ये नसलेल्या गोष्टींची.

पॅनेलच्या बाजूने बघा. दिवसभरात त्यांच्यासमोर एकामागून एक मुलं येतात, त्यात इंजिनिअर ढिगाने. सगळ्यांचं 'एमबीए का' सारखंच असतं: 'टेक्निकल आहे, आता बिझनेसची बाजू समजून घ्यायची आहे.' यातून त्यांना काहीच कळत नाही. मग ते अशी जागा शोधतात जिथे तुम्ही पाठ केलेलं चालणार नाही. ती जागा म्हणजे तुमचं स्वतःचं आयुष्य. तिथे ते बघतात, की हा माणूस ज्या गोष्टींच्या मधे राहतो त्यांच्याकडे याचं लक्ष आहे का? त्याला 'असं का?' हा प्रश्न पडतो का?

तर आता दुसऱ्या वर्षी मी काय केलं, ते एकेक करून.

[०६:५०] एक: फॉर्मची छाननी

फॉर्म कागदावर छापून घ्या आणि त्यातल्या प्रत्येक नामाखाली रेघ मारा. गावाचं नाव, शाळा, छंद, प्रोजेक्ट, कंपनी, आवडता विषय. माझ्या फॉर्ममध्ये असे ३४ शब्द निघाले. प्रत्येकासाठी तीन प्रश्न लिहायचे: हे काय आहे? हे असंच का आहे? आणि याने कुणाला काय फरक पडतो? पहिल्याचं उत्तर सगळ्यांना येतं. दुसऱ्यापाशी निम्मे गळतात. तिसऱ्याला मी स्वतः ३४ पैकी ९ शब्दांनाच उत्तर देऊ शकलो होतो.

जे निभावता येणार नाही ते फॉर्ममध्ये लिहूच नका. छंद 'वाचन' लिहिलं तर शेवटचं पुस्तक कोणतं, त्यातलं काय पटलं नाही, हे आलंच पाहिजे.

[०७:४५] दोन: घर आणि गाव

त्या दिवाळीत सुट्टीला गेलो तेव्हा आण्णांना म्हटलं, "तुमच्याबरोबर पेढीवर येऊ का?" ते म्हणाले, "कशाला? बसून कंटाळशील." तरी गेलो. मग जानेवारीत पुन्हा चार दिवस रजा काढून गेलो, कारण नव्या हळदीची आवक तेव्हा सुरू होते.

काय शिकलो सांगू? शेतकरी माल आणतो तो अडत्याच्या दुकानात उतरतो. सौद्याच्या वेळी खरेदीदार फिरतात, पोत्यातून मूठभर हळकुंडं काढतात, एखादं मोडतात. आतला रंग बघतात, माल किती वाळलाय ते बघतात, पॉलिश बघतात. आण्णा डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगतात, माल वाळलाय की नाही. ओलं हळकुंड मोडताना आवाज देत नाही. मग बोली लागते. पण बोली लावणाऱ्याच्या डोक्यात फक्त समोरचं पोतं नसतं. निजामाबादला काय भाव निघाला, इरोडला काय, हिंगोली-वसमतकडे पीक कसं आहे, जुना साठा किती शिल्लक आहे, वायद्याचा भाव काय दाखवतोय, हे सगळं असतं.

आणि आण्णांचा 'हिशोब' म्हणजे काय? शेतकऱ्याला पट्टी लवकर द्यावी लागते. खरेदीदाराचे पैसे मागाहून येतात. मधले दिवस पेढीचे पैसे अडकून असतात. कोणता खरेदीदार वेळेवर देतो, कुणाकडे किती उधारी ठेवायची, हे आण्णा मालकाला सांगतात. मी ऐकत बसलो आणि एकदम लक्षात आलं, की याला पुस्तकात वर्किंग कॅपिटल आणि क्रेडिट रिस्क म्हणतात. मी त्याची व्याख्या पाठ केली होती. माझे वडील ते तीस वर्षं करत होते.

मग ते मला हरिपूरला घेऊन गेले, कृष्णा-वारणेच्या संगमाकडे. तिथे हळद साठवायची पेवं असायची. जमिनीत खोल खणलेली, तोंड बंद केलं की आत हवा खेळत नाही, म्हणून कीड लागत नाही. २००५ च्या महापुरात बऱ्याच पेवांत पाणी गेलं, आणि साठवण हळूहळू शीतगृहांकडे गेली. लहानपणी सायकलवरून त्या वाटेने मी शंभर वेळा गेलो असेन. खाली काय आहे हे कधी विचारलं नव्हतं.

तुमचं गाव हळदीचं नसेल. इचलकरंजीचं यंत्रमाग असेल, नाशिकचा कांदा असेल, वडील एसटीत असतील, आई अंगणवाडीत असेल. जाऊन विचारा. मुलाखतीत तो प्रश्न येईलच असं नाही. पण 'असं का' विचारायची सवय लागते, आणि ती जानेवारीतल्या तीन आठवड्यांत लागत नाही.

[१०:४०] तीन: आपलं काम साध्या भाषेत

मी पेमेंटच्या रिकन्सिलिएशनवर काम करतो. पहिल्या वर्षी हे सांगताना मी सगळं आर्किटेक्चर सांगायचो. पेढीवर आण्णांनी विचारलं, "तू नक्की करतोस काय रे?" मी म्हटलं, "बँकेची वही आणि आमची वही रोज रात्री जुळवायची. जुळली नाही की कुठे फरक आहे ते शोधायचं." ते म्हणाले, "म्हणजे मी करतो तेच."

दुसऱ्या मुलाखतीत मी अगदी हेच वाक्य वापरलं. आणि 'एक दिवस बंद पडलं तर?' याचं उत्तर तयार होतं: दुकानदाराचे कालच्या विक्रीचे पैसे आज खात्यात येत नाहीत, आणि त्याला आज माल भरायचा असतो.

तुमचं काम अशा माणसाला सांगून बघा ज्याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. त्याने पुढचा प्रश्न विचारला तर तुम्हाला जमलं. तो "बरं बरं" म्हणाला तर नाही जमलं.

[११:४०] चार: आवडता विषय

बीटेकवाल्यांचा इथे बळी जातो. मी लिहिलं होतं ऑपरेटिंग सिस्टिम. पहिल्यांदा डेडलॉक विचारला, मी चार अटी घडाघडा म्हणून दाखवल्या. ते म्हणाले, रोजच्या जगण्यातलं उदाहरण द्या. गप्प.

आता देतो बघा. मार्केट यार्डाच्या अरुंद बोळात दोन ट्रक समोरासमोर आले. रस्ता एका वेळी एकाच ट्रकपुरता: ही पहिली अट. प्रत्येकाने आपली अर्धी जागा धरून ठेवलीय आणि दुसऱ्याच्या अर्ध्याची वाट बघतोय: दुसरी. कुणालाही जबरदस्तीने मागे ढकलता येत नाही, कारण मागे टेम्पोंची रांग: तिसरी. आणि हा त्याच्यासाठी थांबलाय, तो याच्यासाठी: चौथी. चारपैकी एक अट मोडली की रस्ता मोकळा. मागचा टेम्पो हलला, की झालं. संकल्पना समजलीय की पाठ आहे, हे असं उदाहरण देता येतं का यावरून कळतं. दोनच विषय निवडा, पण त्यांच्या मुळापर्यंत जा.

[१२:५०] पाच: 'माहीत नाही' म्हणायला शिका

याचे तीन प्रकार आहेत. अजिबात माहीत नसेल तर सरळ 'माहीत नाही, सर' म्हणा आणि थांबा. माफी मागत बसू नका. थोडं माहीत असेल तर कुठपर्यंत माहीत आहे ते आधी सांगा. आणि विचार करून काढता येण्यासारखं असेल, तर 'मोठ्याने विचार केला तर चालेल का?' असं विचारा. हा तिसरा प्रकार पॅनेलला बहुधा आवडतो, कारण त्यांना तुमचं डोकं चालताना बघायचं असतं.

आणि त्यांनी तुमच्या मताला विरोध केला तर? लगेच पलटी मारू नका, हट्टालाही पेटू नका. त्यांच्या म्हणण्यात काय बरोबर आहे ते आधी सांगा, मग तुमचं.

[१३:४०] सहा: मॉक, पण रेकॉर्ड करून

मॉक मुलाखती पंचवीस देऊ नका. पाच-सहा पुरेत. त्यातली एक तुमच्या क्षेत्राबाहेरच्या माणसाबरोबर. प्रत्येक फोनवर रेकॉर्ड करा, आणि, मी पॉडकास्टवाला आहे म्हणून सांगतो, ती शब्दशः लिहून काढा. माझ्या पहिल्या मॉकमध्ये वीस मिनिटांत 'बेसिकली' ३१ वेळा आलं होतं. ऐकताना ते कळलं नव्हतं, कागदावर दिसलं.

इंग्रजीची भीती असलेल्यांसाठी: वाक्यं लहान ठेवा, सावकाश बोला. माझे उच्चार आजही सांगलीचेच आहेत. दुसऱ्या वेळी त्यावाचून काही अडलं नाही.

[१४:२०] सात: बारीकसारीक, पण महागात पडणारं

एक फेब्रुवारीला केंद्राचा अर्थसंकल्प असतो आणि मुलाखती त्याच सुमारास सुरू होतात. सगळा पाठ करू नका. तुमच्या क्षेत्राशी आणि गावाशी संबंध असलेल्या तीन-चार गोष्टी नीट समजून घ्या. एकच वर्तमानपत्र, पण रोज, आणि आतापासून.

कागदपत्रं आधी काढा. मूळ गुणपत्रिका, अनुभवाचं पत्र. ओबीसी उमेदवारांनी नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं आहे ना, राज्याचं नाही, हे तपासा आणि त्यावरची तारीख संस्थेने सांगितलेल्या मुदतीत बसते का ते बघा. ऐन वेळी तहसील कचेरीत फेऱ्या घालणारी मुलं मी बघितलीत.

[१५:०५] आणि 'एमबीए का?'

हे मुद्दाम शेवटी ठेवलं. हे उत्तर लिहून पाठ करायचं नसतं, ते आधी स्वतःला द्यायचं असतं. कारण जुन्या आयआयएमची फी वीस लाखांच्या वर जाते. माझ्यासारख्यासाठी ते कर्ज आहे. वर दोन वर्षांचा पगार जातो तो वेगळा. 'पगार वाढेल' हेही कारण असू शकतं, पण तेवढंच असेल तर स्विच करून बघा, स्वस्तात होईल.

माझं उत्तर पेढीवर सापडलं. पेढीसारख्या छोट्या व्यवसायांचे पैसे मधल्या दिवसांत अडकतात. त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर मी लिहू शकतो. पण त्यांना कुणी, कोणत्या भरवशावर, किती दराने पैसे द्यावेत, हे मला कळत नाही. ते शिकायचंय. दुसऱ्या मुलाखतीत हे सांगितलं तेव्हा एका सरांनी यावरच दहा मिनिटं उलटतपासणी घेतली. 'बँका का देत नाहीत? खरेदीदार बुडाला तर?' दोन प्रश्नांना मी 'माहीत नाही' म्हटलं. हळदीचा प्रश्न या वेळी आलाच नाही.

दोन ठिकाणी मुलाखत झाली. एकीकडे नाव लागलं नाही. दुसरीकडे प्रतीक्षा यादीत होतो, मे महिन्यात यादी सरकली आणि जागा मिळाली. म्हणजे हा काही हमखास फॉर्म्युला नाही. चांगली मुलाखत देऊनही राहून जाणारे खूप असतात.

निकाल आला त्या रात्री आण्णांना फोन केला, आणि पहिल्या वर्षी खरं काय झालं होतं तेही सांगून टाकलं. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मला आधीच विचारायचं होतंस की."

तेच तुम्हाला सांगतोय. जून आहे, वेळ आहे, आत्ताच विचारून घ्या. पुढचा भाग कुठून रेकॉर्ड होईल माहीत नाही, बहुतेक हॉस्टेलच्या खोलीतून. तोपर्यंत काळजी घ्या, भेटू.